भिंतीला नियम आहे, तारेला नियम आहे, उन्हाला नाही

गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी मेसेज करून विचारलाय. कोणी कोथरूडचे, कोणी सहकारनगरचे, कोणी कर्वेनगरचे. प्रश्न असा: "आमच्या छतावर सोलर आहे. शेजारची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली. आता तिथे अकरा-बारा मजली इमारत उभी राहतेय. आमच्या पॅनलवरचं ऊन जाणार. महापालिकेत तक्रार करता येईल का?"

आधी उत्तर देऊन टाकतो. तक्रार करता येईल, पण ती कुठल्या नियमाखाली करायची ते सांगता येत नाही, कारण तसा नियम आपल्याकडे नाही. शेजाऱ्याने कुंपणाची भिंत फूटभर जास्त उंच बांधली तर नियम आहे. विजेच्या तारेजवळ गॅलरी काढली तर नियम आहे. पण तुमच्या छतावर रोज येणारं ऊन अडवलं, तर त्याबद्दल नियमावली गप्प आहे.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्या पेठांपासून करू. जुना वाडा डोळ्यासमोर आणा. बाहेरच्या भिंती जाड, शेजारच्या वाड्याला चिकटलेल्या, कित्येक ठिकाणी भिंत सामाईकच. रस्त्याच्या बाजूला दिंडी दरवाजा आणि वर मोजक्या खिडक्या. मग घरात उजेड यायचा कुठून? मधल्या चौकातून. चौक आपला, त्यावरचं आभाळ आपलं. शेजाऱ्याने त्याच्या हद्दीत काय बांधलं याने आपल्या चौकातल्या उजेडाला फारसा फरक पडत नसे. भांडणं व्हायची ती हद्दीवरून, वळचणीच्या पाण्यावरून, सांडपाण्याच्या वाटेवरून. उन्हावरून भांडायचं कारण नव्हतं.

इंग्लंडमधली गोष्ट वेगळी होती. तिथलं घर बाहेर तोंड करून असायचं, उजेड खिडकीतून यायचा आणि ती खिडकी बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेकडे बघायची. म्हणजे माझा उजेड शेजाऱ्याच्या जागेवरून येणार. शेजाऱ्याने भिंत घातली की मी अंधारात. यातून तिथे 'जुन्या उजेडाचा' हक्क तयार झाला. १८३२ च्या कायद्याने तो पक्का झाला: एखाद्या खिडकीतून सलग २० वर्षं विनातक्रार उजेड येत असेल, तर शेजाऱ्याला तो अडवता येणार नाही. लंडनमध्ये खिडक्यांखाली तशा पाट्या लावायचीही पद्धत होती.

हाच विचार जहाजात बसून आपल्याकडे आला. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा आजही चालू आहे. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या १५व्या कलमात तीच २० वर्षांची अट आहे. इमारतीत येणारा उजेड आणि हवा शांतपणे, हक्काने, खंड न पडता २० वर्षं उपभोगली असेल तर तो हक्क कायम होतो. समोरची जागा सरकारी असेल तर ३० वर्षं.

म्हणजे उजेडाचा हक्क आपल्या कायद्यात आहे! मग अडलं कुठे?

दोन ठिकाणी अडतं. पहिलं, २० वर्षं. आज ज्यांच्या घरावर वीज बनवणारा सोलर आहे, त्यातल्या बहुतेकांनी तो गेल्या चार-पाच वर्षांत बसवलाय. दुसरी अडचण जास्त खोल आहे. याच कायद्याचं १७वं कलम सांगतं की मोकळ्या जागेवर उजेड-हवा येण्याचा हक्क अशा वहिवाटीने मिळत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर खिडकी होती. खिडकीतून उजेड आत येतो, माणूस त्यात वाचतो, शिवतो, हिशेब लिहितो. छतावर पडणारं ऊन हे उत्पन्नाचं साधन होईल, ते मीटरवर मोजलं जाईल, ही कल्पना १८८२ मध्ये कोणाला असणार? नुकसान ठरवायची पद्धतही तशीच, खिडकीच्या मापाची. उजेड थोडा कमी झाला म्हणून दावा चालत नाही, राहणाऱ्याची सोय किंवा नेहमीचा धंदा यात ठळक अडथळा आलेला दाखवावा लागतो. खोलीत वाचण्यापुरता उजेड उरला की कोर्टाचं समाधान होऊ शकतं. पॅनलचं तसं नसतं. त्याला थेट ऊन लागतं.

आता प्लेगकडे येऊ. कारण आपल्या शहरांत ऊन हा सरकारी विषय झाला तो प्लेगमुळे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे: रँड, घरांच्या झडत्या, २२ जून १८९७ ची रात्र. तो इतिहास इथे पुन्हा सांगत नाही. पण त्या काळातली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. अंधार आणि कोंदट हवा यात रोग वाढतो असं तेव्हाचे अधिकारी धरून चालत. म्हणून मुंबईत घरांवरची कौलं काढून आत ऊन पाडलं गेलं. ज्या खोल्यांत ऊन-वारा येत नाही त्यांच्यावर 'माणसांना राहायला अयोग्य' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. पिसवा आणि उंदीर हे खरं कारण लोकांच्या आणि सरकारच्या गळी उतरायला वेळ लागला. पण ऊन आणि आरोग्य यांची गाठ तेव्हा जी बसली ती बसली.

१८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे, समुद्राची हवा आत घ्यायची आणि नव्या वसाहती आखायच्या, हे त्याचं काम. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर सविस्तर मांडणी केली. त्यांचा आग्रह एका कोनावर होता: साडेत्रेसष्ट अंश.

हा कोन सोपा करून सांगतो. समजा तुमच्या तळमजल्याच्या खोलीसमोर दुसरी इमारत आहे. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढा. ती रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी नको. गणितात याचा अर्थ असा की समोरची इमारत मधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा उंच नको. मध्ये १० फूट जागा असेल तर समोरची भिंत २० फुटांपर्यंत. ४० फुटांची इमारत बांधायची असेल तर २० फूट जागा सोडा.

मला हा नियम फार आवडतो. गवंड्यालाही समजेल असा आहे. आणि तो शेजाऱ्याच्या खोलीतून मोजला जातो. तुमच्या प्लॉटवर तुम्ही किती बांधायचं, हे शेजाऱ्याला किती आभाळ दिसतं त्यावरून ठरतं. आपल्याकडच्या नियमांच्या इतिहासात शेजाऱ्याच्या बाजूने इतकं स्पष्ट मोजमाप मला दुसरं सापडलेलं नाही.

आता १९१५ साल. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. मुंबई नगररचना कायदा आला, देशातला अशा प्रकारचा पहिला. आणि टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. एका कायद्याने जमिनीची आखणी सुरू झाली, दुसऱ्या प्रकल्पाने वीज दूरवरून तारेने शहरात येऊ लागली. पुण्यात भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर, इथे नगररचना योजना झाली. नदीच्या या बाजूला बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि आपल्या भाषेत 'कंपाउंड' हा शब्द रुजला. वाड्यातून बाहेर पडलेल्या पुणेकराला पहिल्यांदा चारही बाजूंनी मोकळी जागा मिळाली. चौक गेला, अंगण आलं. उजेड आता बाहेरून येणार होता, शेजाऱ्याच्या हद्दीवरून.

म्हणून कुंपणाचे नियम आले. आज राज्यात लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० ची. त्यातलं कंपाउंड वॉलचं कलम वाचून बघा. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून भिंत जास्तीत जास्त दीड मीटर. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा किंवा उघडा ठेवलात तर एकूण २.४ मीटरपर्यंत. चौकातल्या प्लॉटला कोपऱ्यापासून १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे वळणाऱ्या गाडीवाल्याला पलीकडचं दिसावं. बघा किती बारकाईने विचार केलाय. नजर जावी, हवा जावी, अपघात होऊ नये. हे सगळं एका साध्या भिंतीसाठी.

तारेचंही तसंच. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला खासगी जागेवरून तार न्यायचा, खांब रोवायचा अधिकार दिला. जागा तुमचीच राहते, पण तार जाणार. मात्र त्याच कलमात दोन अटी आहेत: कमीत कमी नुकसान करा, आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्या. २००३ च्या वीज कायद्यात हेच अधिकार वीज कंपन्यांना द्यायची सोय आहे. १९५६ च्या विद्युत नियमांनी तारेभोवतीची हवाही मोजली. घरगुती दाबाची तार इमारतीपासून आडवी १.२ मीटर, उभी २.५ मीटर लांब. ११ केव्हीची असेल तर उभं अंतर ३.७ मीटर. आणि नव्या मोठ्या बांधकामाला डीपीसाठी जागा द्यावी लागते.

म्हणजे आपल्याला हवेतली अदृश्य जागा राखून ठेवता येते. तारेसाठी आपण ती राखतोच. उन्हासाठीही एके काळी राखत होतो, साडेत्रेसष्ट अंशांनी.

मग तो कोन कुठे हरवला? माझ्या मते तो चटई क्षेत्राखाली दबला. १९६४ च्या मुंबईच्या विकास आराखड्याबरोबर एफएसआय आला आणि हळूहळू राज्यभर तोच बांधकामाचा मुख्य हिशेब झाला. प्लॉट किती, रस्ता किती रुंद, त्यावर किती चौरस मीटर बांधायचं. पुढे टीडीआर आला, मग प्रीमियम भरून मिळणारा जादा एफएसआय आला. साइड मार्जिन अजून आहे आणि ते उजेड-हवेसाठी आहे असं लिहिलेलंही असतं. पण उंचीच्या मानाने ते फार हळू वाढतं, आणि उंच इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेचा आज सगळ्यात जोरात तपासला जाणारा हेतू म्हणजे अग्निशमनाची गाडी फिरायला ६ मीटरची वाट. ती हवीच, त्यात वाद नाही. पण मोजमाप शेजाऱ्याच्या खोलीतून सुरू होण्याऐवजी आपल्याच प्लॉटच्या आत सुरू होऊन आत संपायला लागलं. पंख्याने आणि ट्यूबलाइटने बाकीचं भागवलं. दिवसा दिवे लावून राहायची सवय झाली आणि उन्हाची किंमत कोणाच्या बिलात दिसेनाशी झाली.

ती आता पुन्हा दिसायला लागली आहे.

पुण्यात सोलर म्हणजे आधी पाणी तापवायचा सोलर. बंबाची आणि गीझरची जागा त्याने घेतली. महापालिकेने मिळकतकरात सवलत दिली. नंतर वीज बनवणारे पॅनल आले. २०१५ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. छतावरची जादा वीज तारेत सोडायची आणि बिलातून वजा करून घ्यायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, १ कोटी घरांचं उद्दिष्ट घेऊन. ३ किलोवॅटच्या सोलरला ७८ हजार रुपये अनुदान. त्याच वर्षी १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सोलरसाठी तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली. आणि आपल्या २०२० च्या नियमावलीत मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना सौर यंत्रणेची सक्तीच आहे.

म्हणजे सरकार एका हाताने सांगतंय, छतावर सोलर बसवा, आम्ही पैसे देतो. दुसऱ्या हाताने शेजारच्या प्लॉटला जादा एफएसआय देतंय. आणि हे दोन्ही हात एकमेकांना ओळखत नाहीत. पॅनल २५ वर्षं चालावा म्हणून आपण घेतो. त्यावरचं ऊन २५ वर्षं टिकेल याची हमी कोणाकडेच नाही.

सावलीचा हिशेबही करून बघू, कारण 'थोडी सावली पडली तर काय बिघडतं' असं बरेच जण म्हणतात. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा शेजारची इमारत दुपारी फार त्रास देत नाही. पण २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला, जमिनीपासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. समजा तुमची गच्ची १० मीटरवर आहे आणि दक्षिणेला ३३ मीटरची इमारत झाली. गच्चीच्या वर ती २३ मीटर उरते. भर दुपारी तिची सावली तुमच्या बाजूला २० मीटरच्या पुढे जाते. सकाळी नऊच्या सुमारास तीच सावली ५० मीटरहून लांब होते. मधलं अंतर ९-१० मीटर असेल, तर थंडीच्या दिवसांत गच्ची सावलीतच.

आणि थंडीचे दिवस का महत्त्वाचे? कारण पावसाळ्यात ढगांमुळे वीज तशीही कमी बनते. दिवाळीनंतरचं स्वच्छ आभाळ हाच भरपाईचा काळ. शिवाय पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली पडली की माळेतल्या बाकीच्यांचंही उत्पादन ओढलं जातं. म्हणून पाव गच्ची सावलीत गेली की नुकसान पाव भागापुरतं राहतंच असं नाही.

हा प्रश्न जगात आपल्याआधी इतरांना पडलाय. त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत आधी साफ नकार होता. १९५९ मध्ये मायामी बीचवर एका हॉटेलने १४ मजली वाढीव इमारत काढली. थंडीत दुपारी दोननंतर तिची सावली शेजारच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर पडणार होती. शेजारी कोर्टात गेला. फ्लोरिडाच्या कोर्टाने सांगितलं की उन्हावर शेजाऱ्याचा असा हक्क नाही, इंग्लंडचा जुना नियम इथे चालत नाही. मग १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, लोक छतावर सोलर लावू लागले आणि तोच प्रश्न नव्या रूपात आला. १९८२ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोलरवरचं ऊन अडवणं हा उपद्रव ठरू शकतो, दावा चालवून बघा. त्याच्या मागचं कारण सरळ होतं: ऊन आता नुसत्या सौंदर्याचा किंवा सुखसोयीचा भाग उरलं नाही, ते ऊर्जेचा स्रोत झालंय.

त्याच सुमारास कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने सगळ्यात सुंदर तोडगा काढला. त्यांनी सोलरचा नियम कुंपणाच्या भाषेत लिहिला. तुमच्या हद्दीवर १२ फुटांचं एक काल्पनिक कुंपण आहे असं समजा. २१ डिसेंबरला सकाळी १० ते दुपारी २ या वेळात ते कुंपण शेजाऱ्याकडे जेवढी सावली टाकेल, तेवढीच सावली टाकायची तुम्हाला मुभा. त्याहून जास्त नाही. दाट भागासाठी हेच कुंपण २५ फुटांचं धरलंय. कुंपण खरं नाही, पण मोजता येतं.

आता कोणी म्हणेल, बोल्डर छोटं शहर, आपल्याकडे दाटी किती! मग टोकियो बघा. युद्धानंतर तिथे जुन्या बैठ्या घरांशेजारी उंच इमारती उभ्या राहायला लागल्या आणि लोक उन्हासाठी भांडू लागले. १९७२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने उन्हाच्या नुकसानीबद्दल भरपाई मान्य केली. १९७६ मध्ये बांधकाम कायद्यातच सावलीचा नियम आला. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सकाळी ८ ते दुपारी ४ यात, हद्दीपासून ५ मीटर आणि १० मीटरवर, नव्या इमारतीची सावली किती तास पडते ते मोजायचं. राहत्या भागांत कडक, दाट भागांत सैल, बाजारपेठेच्या भागांना सूट. तास किती, ते स्थानिक पातळीवर ठरतं. म्हणून टोकियोतल्या कितीतरी इमारतींचे वरचे मजले उत्तरेकडे तिरके कापलेले दिसतात. तिथे उंच इमारती थांबल्या का? अजिबात नाही. फक्त सावलीचा हिशेब आधी होतो.

एक इशाराही घ्यायला हवा. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये झाडांच्या सावलीविरुद्ध कायदा केला. सकाळी १० ते दुपारी २ यात शेजाऱ्याच्या सोलरवर १० टक्क्यांपेक्षा जास्त सावली नको. २००८ मध्ये त्यावरून उंच रेडवुड झाडांवर कुऱ्हाड चालायची वेळ आली आणि लोक खवळले. त्याच वर्षी कायदा बदलून, सोलर बसवायच्या आधीपासून असलेल्या झाडांना संरक्षण दिलं. आपल्याकडेही कोणी सोलरचं निमित्त करून शेजारचा आंबा किंवा गुलमोहर तोडायला निघाला, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. आधी कोण होतं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हेही लिहून ठेवतो. जिने उतरता न येणारे आजी-आजोबा, गळणाऱ्या गच्च्या, पाचशे चौरस फुटांत तीन पिढ्या, हे सगळं मी रोज बघतो. त्यांना लिफ्ट आणि मोठं घर मिळायला हवं. पण ऊन जाणाऱ्याने गप्प बसावं, हा त्याचा अर्थ होत नाही. माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्हींना आपल्याच इतिहासात आधार आहे.

पहिली, नोंद. नेट मीटर मंजूर झाला की त्या छताची नोंद वीज कंपनीकडून महापालिकेच्या बांधकाम खात्यात जावी. आज वीज कंपनीला माहीत असतं, नकाशा मंजूर करणाऱ्या अभियंत्याला माहीत नसतं.

दुसरी, सावलीचा नकाशा. ठरावीक उंचीच्या वर बांधायचं असेल, तर २१ डिसेंबरचा सावलीचा आराखडा अर्जासोबत जोडावा. आर्किटेक्टच्या संगणकावर हे काम फार वेळाचं नाही. ऑर यांनी कंपास आणि कोनमापकावर हे सांगितलं होतं.

तिसरी, भरपाई. नोंद असलेल्या सोलरचं उत्पादन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घटणार असेल, तर बांधणाऱ्याने नव्या छतावर तेवढी जागा द्यावी किंवा ठरलेली रक्कम. तार नेताना नुकसानभरपाई द्या, हे आपण १८८५ मध्ये कायद्यात लिहिलंय. तेच तत्त्व इथे लावायला नवीन शोध लावायची गरज नाही.

ज्यांना आत्ता सोलर बसवायचाय त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी दक्षिणेकडचा प्लॉट बघा. तिथली इमारत तीस-चाळीस वर्षं जुनी आणि तीन-चार मजली असेल, तर ती कधीतरी पुनर्विकासाला जाणार असं धरूनच चाला. समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावरून किती उंची चढू शकते, ते एखाद्या आर्किटेक्टला विचारा. जमत असेल तर पॅनल गच्चीच्या उत्तर बाजूला सरकवून लावा. आणि सावलीचा धोका असेल तर प्रत्येक पॅनल स्वतंत्रपणे चालेल अशी जोडणी मागा. खर्च थोडा वाढतो, पण एकाच्या सावलीने सगळी माळ बसत नाही.

नियमावलीत बदल करायचा झाला की नगररचना कायद्याच्या ३७व्या कलमाखाली सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. अशा वेळी बिल्डरांच्या संघटनांचे कागद वेळेत पोचतात, आपले पोचत नाहीत. म्हणून तयारी आत्तापासून करू. ज्यांच्या सोलरवर नव्या इमारतीची सावली आली आहे, त्यांनी इन्व्हर्टरच्या ॲपमधून इमारत होण्याआधीच्या आणि नंतरच्या डिसेंबर-जानेवारीचे युनिटचे आकडे काढून ठेवा आणि मला मेसेजमध्ये पाठवा. नाव, पत्ता नको, फक्त परिसर, किलोवॅट आणि महिन्याचे युनिट. पन्नास घरांचे आकडे जमले की पुढचा अर्ज त्या आकड्यांसकट करू.